चौथी पाहुणी

निवडणुकीचं वर्ष आलं की पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या एरी गावात दोन गोष्टींना ऊत येतो, असं आम्ही स्टुडिओत गमतीनं म्हणायचो: अंगणातल्या प्रचाराच्या पाट्यांना आणि हार्लन प्रुएटला.

हार्लन म्हणजे कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, सत्तरीचा, उंच, किंचित पोक काढून चालणारा माणूस. दर चार वर्षांनी, ऑक्टोबरातल्या एका रविवारी, आमच्या छोट्या वाहिनीवर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवर एक कार्यक्रम व्हायचा. तीन जाणकार, एक निवेदक, अर्धा तास. सकाळी रेकॉर्डिंग, संध्याकाळी प्रक्षेपण. शेवटी निवेदक प्रत्येकाला विचारायचा, कोण जिंकणार, एका वाक्यात सांगा. मी, मार्लीन डोम्बेक, या कार्यक्रमाची निर्माती. हार्लन पहिल्यापासून त्या तिघांपैकी एक.

आणि त्याचं भाकीत बहुतेक वेळा चुकायचं. बाकीच्या दोघांचंही चुकायचं, पण ते पुढच्या वेळी आपण असं म्हणालोच नव्हतो असं सांगायचे. हार्लन कबूल करायचा. किराणा दुकानात लोक त्याला अडवून विचारायचे, "काय प्रोफेसर, या वेळी कुणाला पाडताय?" तो म्हणायचा, "हवामानवाल्यांपेक्षा मी बरा. ते रोज चुकतात."

मला मात्र माहीत होतं की त्याला ते लागतं. एकदा गाडीत बसताना तो म्हणाला होता, "मार्लीन, चाळीस वर्षं मी या एकाच विषयाचा अभ्यास केला. आणि नाणं उडवणारा माणूस माझ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर येतो."

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात मी ठरवलं की या वेळच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक हलकीफुलकी चित्रफीत दाखवायची. जाणकारांची जुनी, चुकलेली भाकितं एकापाठोपाठ एक. हार्लनला विचारलं तर तो खूश. "दाखव की. माझी मलाच मजा येईल." तळघरातल्या जुन्या टेपा मी वर आणून डीनाकडे दिल्या. डीना आमची नवी संकलक, क्लीव्हलँडहून आलेली, कामाला वाघ.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली.

"मार्लीन, एक विचारू? त्या बाईंना तुम्ही नंतर का बोलावलं नाही?"

"कोणत्या बाईंना?"

"त्या चौथ्या पाहुण्या हो. तपकिरी कोटवाल्या. सगळ्यांत एकट्या त्याच बरोबर सांगतात, आणि त्यांनाच काढलंत."

मी म्हटलं, "आमच्याकडे तीनच पाहुणे असतात. चौथी खुर्ची त्या सेटवर मावतच नाही."

डीनाला वाटलं मी थट्टा करतेय. ती मला संकलनाच्या खोलीत घेऊन गेली.

टेप दोन हजार सालची होती. सेट ओळखीचा, निळा पडदा ओळखीचा. निवेदक वॉल्टर, तेव्हा साठीचा. त्यानं शेवटचा प्रश्न विचारला. तिघांनी उत्तरं दिली, हार्लननं सर्वांत ठासून आणि सर्वांत चूक. यानंतर वॉल्टर कॅमेऱ्याकडे वळून निरोप घ्यायचा, हे मला पक्कं आठवत होतं, कारण त्याला खुणेनं थांबवणारी मीच होते.

पडद्यावर वॉल्टर वळला नाही. तो हार्लनच्या पलीकडे पाहत राहिला आणि कॅमेरा सावकाश तिकडे सरकला.

हार्लनच्या शेजारी एक बाई बसली होती. वय साठीच्या आसपास. जाड तपकिरी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. केस ओले आणि चापून बसवलेले. हात मांडीवर. खाली पाहुण्याच्या नावाची पट्टी आली, त्या काळी आम्ही वापरायचो तशीच पिवळी. पट्टीवर नाव नव्हतं.

"फ्लोरिडा," बाई म्हणाली. आवाज साधा, थोडा घोगरा, आमच्या एरी तळ्याकाठच्या माणसांचा असतो तसा. "पाचएकशे मतांवर सगळं अडेल. महिनाभर मोजत बसतील."

रेकॉर्डिंग ऑक्टोबरातलं होतं. मतदानाच्या आधीचं. आणि निकाल नेमका तसाच अडला होता.

मग ती किंचित थांबली, आणि शेजाऱ्याची चौकशी करावी इतक्या सहज बोलली, "आणि वॉल्टर पुढच्या वेळी नसेल."

टेप संपली. डीना माझ्याकडे पाहत होती. "वॉल्टर म्हणजे कोण?"

"हे निवेदक," मी म्हटलं. "दोन हजार दोनमध्ये गेले. हृदयविकारानं."

मी स्वभावानं संशयी बाई आहे. कुणीतरी खोडी काढलीय असंच मला वाटलं. मी तळघरात गेले. ते जुनं लाकडी मेज अजून तिथं होतं, त्यावर आता दिव्यांच्या वायरी पडलेल्या. मेजाला माइकसाठी पाहुण्यांच्या बाजूनं तीन भोकं होती. तीनच. चौथ्या माणसाला बसायला हार्लनच्या शेजारी जागाच नव्हती, तिथं भिंत येत होती.

वर येऊन मी पुढच्या टेपा पाहिल्या. दोन हजार चार. "ओहायो. सकाळपर्यंत थांबावं लागेल. आणि कार्ला पुढच्या वेळी नसेल." कार्ला आमची फ्लोअर मॅनेजर. पुढच्याच हिवाळ्यात तळ्याकाठच्या रस्त्यावर तिची गाडी बर्फावरून घसरली. दोन हजार आठ. "इंडियानासुद्धा या वेळी उलटेल. आणि ग्रेग पुढच्या वेळी नसेल." ग्रेग कॅमेरा सांभाळायचा; तोही पुढच्या निवडणुकीआधीच गेला. या टेपेत त्यानंच बाईकडे कॅमेरा वळवला होता.

दोन हजार बाराची टेप त्या ढिगात नव्हतीच. प्रत्येक वेळी तोच कोट. केस तसेच ओले. आठ वर्षांत तिचं वय वाढलं नव्हतं.

हार्लनला मी दुपारी बोलावून घेतलं. आधी तो हसला. मग त्यानं टेप पुन्हा लावायला सांगितली, आणि या वेळी तो बाईकडे नाही, स्वतःकडे पाहत होता. पडद्यावरचा हार्लन तिच्यापासून अंग चोरून बसला होता.

"मला आठवतंय," तो हळू म्हणाला. "त्या बाजूनं मला नेहमी गार लागायचं. मला वाटायचं एसीचं तोंड तिकडे आहे."

"एसी तिकडे नव्हता."

"माहीतेय मला, बाई. म्हणून तर सांगतोय."

डीनानं त्या दिवसानंतर टेपांना हात लावला नाही. चित्रफितीचा बेत मी रद्द केला. कार्यक्रमही रद्द करावा असं मनात आलं, पण वरिष्ठांना काय सांगणार होते? पेनसिल्व्हेनिया अटीतटीचं राज्य, एरीत दर आठवड्याला कुणी ना कुणी मोठा नेता येऊन सभा घेत होता. आमचा कार्यक्रम व्हायलाच हवा होता.

मी हार्लनला एवढंच म्हटलं, "या वेळचं रेकॉर्डिंग आपण दोघांनीही पाहायचं नाही. डीना नुसतं वेळेला लावेल."

त्याची नजर टेपांच्या ढिगावर होती.

रेकॉर्डिंग नेहमीसारखं झालं. नवा सेट, काचेचं मेज, तीन खुर्च्या. मी नियंत्रण कक्षातून सारखी मोजत होते. तीनच माणसं. तिघांनीही एकच उत्तर दिलं, त्या वर्षी सगळा देश जे उत्तर देत होता तेच. पेनसिल्व्हेनिया उलटेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. हार्लनचा उजवा खांदा मात्र पूर्ण वेळ आखडलेला होता.

दुपारी डीना जेवायला गेली. मी निवेदकाशी बोलत होते. परत आले तेव्हा संकलनाच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं.

"हार्लन," मी दार वाजवलं. "उघड. आपलं काय ठरलं होतं?"

"एकदा," आतून आवाज आला. "फक्त एकदा मला बरोबर यायचंय, मार्लीन."

मी दाराशी उभी राहिले. आतून निवेदकाचा आवाज ऐकू येत होता, मग तिघांची उत्तरं. मग थोडी शांतता. मग एक घोगरा आवाज, शब्द न कळण्याइतका हळू.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. हार्लनचा चेहरा पांढरा पडला होता. मी आत डोकावले. पडदा काळा होता.

"पुसून टाकलं," तो म्हणाला. "पुन्हा घ्यावं लागेल. सॉरी."

"काय म्हणाली ती?"

"पेनसिल्व्हेनिया उलटणार. मिशिगन. विस्कॉन्सिनही."

"आणि पुढे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "पुढे काही नाही."

आम्ही पुन्हा रेकॉर्डिंग केलं. या वेळी हार्लननं ती तीन राज्यं एकेक करून सांगितली. बाकीचे दोघे जाणकार हसले. एक जण म्हणाला, "प्रोफेसर, चुकायचीही काही मर्यादा असते." प्रक्षेपण झालं. त्यात तीनच माणसं होती.

त्या संध्याकाळी हार्लन मला गाडीपर्यंत सोडायला आला. इतक्या वर्षांत कधी आला नव्हता. माझी पिशवी त्यानंच उचलली, आणि पायऱ्या उतरताना माझं कोपर धरलं.

निकालाच्या दिवशी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचा एरी परगणासुद्धा उलटला. मोठमोठ्या वाहिन्यांवरची शहाणी माणसं तोंडात बोट घालून बसली होती, आणि एका गावातल्या म्हाताऱ्या मास्तरानं राज्यांच्या नावांसकट सांगितलं होतं. न्यूयॉर्कहून फोन आले. हार्लननं एकही घेतला नाही. लोक दाराशी यायला लागले तेव्हा त्यानं पडदे ओढून घेतले.

मला मात्र तो रोज फोन करायचा. "गाडीला बर्फातले टायर लावलेस का?" "डॉक्टरकडे जाऊन आलीस?" "छातीत वगैरे काही नाही ना?"

"मला काही झालेलं नाही, हार्लन."

"नाही, नाही. सहज विचारलं."

मी तपासण्या केल्या. सगळं ठणठणीत निघालं. कागद त्याला दाखवले. त्यानं ते नीट वाचले, घडी घालून परत दिले, आणि त्याचे डोळे भरून आले.

वर्ष गेलं. दोन वर्षं गेली. हळूहळू माझ्या लक्षात आलं की हार्लननं भविष्यकाळात बोलणं सोडलंय. 'उद्या भेटू' म्हणायचा नाही. 'बर्फ पडेल' म्हणायचा नाही. निरोप घेताना नुसता हात वर करायचा. आधी मला वाटलं, भाकितं करून विटला असेल बिचारा. पण ते फक्त माझ्यापुरतं होतं. फोनवर मुलीशी बोलताना तो खुशाल म्हणायचा, ख्रिसमसला येईन, नातवाला सायकल घेईन.

एकदा मी मुद्दाम म्हटलं, "पुढच्या निवडणुकीला आपण नवा सेट करणार आहोत. मी या वेळी तुला मधल्या खुर्चीत बसवणार."

तो उठून स्वयंपाकघरात गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी वाहत होतं.

मी एकदाच सरळ विचारलं. "तिनं माझं नाव घेतलं का?"

"कॉफी आणखी देऊ?" तो म्हणाला.

"हार्लन."

"नको विचारूस."

मी पुन्हा विचारलं नाही. मला भीती वाटत होती ती त्याच्या उत्तराची नाही. मला वाटत होतं, तो एखाद्या दिवशी काळजी करणं थांबवेल.

निवडणुकीचं वर्ष पुन्हा आलं, आणि या शिशिरात ते थांबलं. फोन यायचे बंद झाले. पिशवी उचलणं बंद झालं. माझ्याकडे तो आता शांतपणे बघतो, रुग्णाच्या खोलीतून बाहेर आलेली माणसं बघतात तसं.

परवाच्या शुक्रवारी आम्ही क्लबात मासे खायला गेलो होतो. नेहमीची गर्दी, तळलेल्या पर्च माशांचा वास, कोपऱ्यात टीव्ही चालू, त्यावर कुणीतरी येत्या निवडणुकीबद्दल छातीठोकपणे बोलत होतं. आमच्या मेजाशी एक बाई थांबल्या. हार्लनच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या, हसतमुख. त्यांनी विचारलं, "आणि या कोण?"

मी त्याच्या समोरच बसले होते. हातात काटा होता. मी हसून नाव सांगायला तोंड उघडलं.

हार्लननं माझ्या हातावर हात ठेवला, आणि अगदी मायेनं त्यांना म्हणाला, "ही मार्लीन. माझी फार चांगली मैत्रीण होती."

बाईंनी मान हलवली. "हो का," त्या हळहळून त्याला म्हणाल्या, आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर आपला कोट टाकून, ती रिकामीच असावी तशा, तिच्यात बसायला लागल्या.