धरलेली जागा

दुसऱ्याच्या पायाला प्लास्टर बसलं म्हणून कुणाचा फायदा होऊ नये, पण झाला. मावशीची मुलगी जिन्यावरून घसरली आणि परदेशच्या सहलीतली तिची जागा रिकामी झाली. विमानाची खिडकी, जगभर नावाजलेलं ते नदीकाठचं शहर, जाड लोकरीचा कोट, सहलीची पिवळी टोपी, असं सगळं आयतं भाचीच्या पदरात पडलं. कोट जरा मोठा होता, पण आयत्या कोटाच्या बाह्या कोण मोजतं? शिवाय मावसभाऊ आणि शेजारची त्याची मैत्रीण सोबत होती. म्हणजे सुट्टीभर तिघांची टोळी. घरून निघताना तिने जमेच्या बाजूला सगळ्यात मोठी रक्कम हीच धरली होती.

विमानतळावरच मावसभावाने तिचं बारसं उरकलं. "तू बदली. बदली खेळाडू असतो ना, तशी. चिडू नकोस हं."

ती चिडली नाही. त्याला स्वतःला सगळे नकाशा म्हणायचे, कारण हातात नकाशा धरून तो हमखास चुकीच्या गल्लीत शिरायचा. मैत्रिणीचं नाव चौकशी. ते का, हे तिच्याशी दोन मिनिटं बोललं की कळायचं.

पण एक गोष्ट बदलीच्या हिशेबातून सुटली होती. बसमधल्या जागा जोडीजोडीच्या असतात. मावशी-काका एक जोडी, नकाशा आणि चौकशी दुसरी. तिसऱ्याला कुठे बसवायचं याचा विचार बस बांधणाऱ्याने केलेला नसतो.

मग बदलीला जागा मिळाली ती सहलीतल्या दुसऱ्या एकट्या माणसाशेजारी. हे शिंपीआजोबा. जन्मभर छोट्याशा दुकानात मशीन चालवलेलं. मुलाने हौसेने सहलीला पाठवलं होतं आणि स्वतःला मात्र रजा नाही म्हणाला होता.

"बाळ, हा कोट तुझ्यासाठी शिवलेला नाही," पहिल्याच दिवशी ते म्हणाले.

"नाहीच. ताईचा आहे."

"मग आता तुझा करू." त्यांनी खिशातून सुईदोरा काढला आणि बस वळणं घेत असताना दोन्ही बाह्या आत दुमडून टाके घातले. एकही टाका तिरका नाही.

आजोबांच्या दोन खोडी होत्या. टोपीच्या आत त्यांनी छोटा कप्पा शिवला होता आणि हॉटेलच्या पत्त्याचं कार्ड त्यात ठेवलं होतं. "माझं डोकं विसरेल, टोपी नाही विसरायची." आणि दुसरी खोड म्हणजे बसमधून उतरताना तीच टोपी ते टाचणीने आपल्या सीटच्या डोक्याशी टोचून ठेवायचे.

"आजोबा, इथे कुणी जागा घेत नाही हो."

"जागा धरलेली बरी," ते म्हणायचे. "उठलं की जाते."

त्या दुपारी सगळे मोठं चित्रसंग्रहालय बघून बाहेर पडले. आजोबा एका राजाच्या चित्रापुढे रेंगाळले होते. अंगरख्याची काजं चित्रकाराने उलट्या बाजूला काढलीत, असं त्यांचं म्हणणं. बदली एकटीच बसमध्ये चढली, तेवढ्यात मागून हाक आली.

"बदली, मागे ये!" चौकशी पत्ते पिसत होती. "तिसरा भिडू हवाय."

ही हाक ऐकायला ती किती दिवस कान देऊन बसली होती, ते तिचं तिला माहीत. ती धावलीच. पुढच्या आपल्या सीटकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

टूरवाला दादा पुढे उभा राहिला. फोन कानाला, बोट हवेत. तो माणसं मोजत नसे, पिवळ्या टोप्या मोजायचा. त्यासाठीच तर त्या दिल्या होत्या. "बत्तीस. फुल्ल. चला." बस सुटली.

बदली पहिला डाव जिंकली, दुसरा हरली, आणि तिसऱ्याला मान वर केली तेव्हा तिला काहीतरी खटकलं. जेवणानंतर आजोबांना डुलकी लागायची आणि त्यांची टोपी सीटवरून कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलायची. आज बस एवढी वळत होती, आणि टोपी मात्र खांबासारखी ताठ.

"तुझी उतारी," नकाशा म्हणाला.

"थांब जरा." ती पुढे गेली. टोपीखाली आजोबा नव्हते. टाचणी होती.

नेमकी तेव्हाच बस नदीच्या धक्क्याला लागली आणि सगळे घाईने उतरू लागले. बोटीची वेळ झाली होती.

"दादा, आजोबा संग्रहालयातच राहिले!"

"मी मोजलेत. फुल्ल आहेत. आधी उतरून बाथरूमला गेले असतील."

"पण त्यांची टोपी..."

"ती बघ, टोपी आहे म्हणजे माणूस आहे," दादा म्हणाला आणि तिकिटांच्या खिडकीकडे पळाला.

काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "दिवसभर चित्रं बघितली की असं होतं. डोक्यात गोष्टी सुचतात."

मावशी फोनवर ताईला नदी दाखवत होती. "एक मिनिट हं राणी," ती बदलीला म्हणाली. ते मिनिट संपलंच नाही.

तिघांनी रांग पाहिली. नकाशाने बाथरूमही पाहून घेतलं. आजोबा कुठेच नव्हते.

"त्यांच्याकडे फोन आहे?" चौकशीने विचारलं.

"हॉटेलवर चार्जिंगला."

"इथली भाषा येते?"

"आपलीच धड बोलतात तेवढी."

"पत्ता?"

बदलीने टोपी उलटी केली. आतल्या कप्प्यातून कार्डाचा कोपरा डोकावत होता. उन्हं कलली होती, संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली होती, आणि परक्या शहरात आजोबांना आपण कुठे उतरलोय एवढंही सांगता येणार नव्हतं.

"दादाला पुन्हा सांगू," नकाशा म्हणाला.

"त्याचा आपल्यावर विश्वास नाही," बदली म्हणाली. "त्याच्या मोजण्यावर आहे. मग त्यालाच मोजू दे."

बोटीला काचेच्या भिंती होत्या आणि बससारख्याच उंच पाठीच्या खुर्च्या. बदलीने आपली टोपी काढून आजोबांच्या टोपीसकट चौकशीच्या हातात दिली. तिने शेवटच्या रांगेत दोन रिकाम्या खुर्च्यांच्या डोक्याशी दोन टोप्या टोचल्या आणि त्यांच्या शेजारी ती आणि नकाशा साळसूदपणे बसले. बदली धक्क्यावरच थांबली. दादा मोजून "फुल्ल" म्हणाला की चौकशीने तोंड उघडायचं, असं ठरलं होतं.

एक गोष्ट मात्र बदलीने त्या दोघांना सांगितली नव्हती. मोजणी व्हायच्या आधीच कुणीतरी विचारील, असं तिला वाटत होतं. "अरे, ती कुठाय?" एवढंच. ठरलेला बेत फसला असता, पण तिला चाललं असतं.

धक्क्यावर वारा सुटला होता. तिने दुमडलेल्या बाह्यांत हात ओढून घेतले. काचेतून सगळी बोट दिसत होती. काका कॅमेरा पुसत होते. मावशीने फोन पर्समध्ये टाकला आणि मागे वळून पाहिलं. मावशीची नजर शेवटच्या रांगेवरून फिरली, पिवळ्या टोपीपाशी आली, तिथे क्षणभर थांबली. मावशी समाधानाने हसली आणि पुढे वळली.

दादाचं बोट हवेत फिरलं. "बत्तीस. फुल्ल!" बोटवाला दोर सोडायला वाकला.

"दादा, नक्की सगळे आले?" चौकशीचा आवाज काचा भेदून धक्क्यापर्यंत आला.

"नक्की. मी स्वतः मोजलेत."

"मग ती कोण?"

बत्तीस नाही, तीसच माणसं वळली. धक्क्यावर मोठ्या कोटातली एक मुलगी एकटी उभी होती. तिने हात हलवला नाही. नुसती बघत राहिली.

नकाशाने दोन्ही टोप्या उपटल्या आणि दादाच्या हातात ठेवल्या. "ही हिची. आणि ही आजोबांची. आत पत्ता पण आहे."

दादाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण पाहत बसायला वेळ नव्हता. बोट तशीच सोडून सगळी बस उलटी फिरली.

संग्रहालयाला कुलूप लागलं होतं. पहारेकऱ्याने मान हलवली: आत कुणी नाही. दादा पुढच्या फाटकाशी हाका मारत सुटला. नकाशाने नकाशा उघडला.

"मिट तो," बदली म्हणाली. "ते भटकणार नाहीत. ते जागा धरतील."

ती इमारतीला वळसा घालून मागे धावली, जिथे दुपारी त्यांची बस उभी होती. तिथे दुसरीच एक भलीमोठी बस हॉर्नवर हॉर्न वाजवत होती. तिच्यापुढे, पांढऱ्या पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागेत, एक कोट जमिनीवर नीट पसरून ठेवला होता. कोटाशेजारी शिंपीआजोबा थंडीने कुडकुडत उभे होते आणि परक्या ड्रायव्हरला आपल्या भाषेत समजावत होते, "अहो, ही धरलेली आहे. आमची येणार आहे."

बदलीने कोट उचलून त्यांच्या खांद्यावर घातला.

"आलात?" ते म्हणाले. आवाज ठणठणीत होता. "मला ठाऊक होतं. तू शेजारी बसतेस ना, तुला कळणारच."

"मी मागे बसले होते, आजोबा. पत्ते खेळायला."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. "बरं केलंस," ते म्हणाले. "पोरांनी पोरांत बसावं."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

परतताना कौतुकाला ऊत आला. "डोकं आहे हो पोरीला," काका सगळ्या बसला सांगत होते, जणू ते त्यांनीच दिलं होतं. दादाने सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, आणि मग एकेकाच्या खांद्याला हात लावून, तोंड बघून माणसं मोजली. नकाशाने जाहीर केलं, "बदली हे नाव आजपासून रद्द."

"मग काय नाव?"

त्याने बराच विचार केला. "सांगतो नंतर."

मावशी उठून तिच्या सीटपाशी आली. तिने भाचीच्या डोक्यावरची टोपी काढली आणि केसांवरून हात फिरवत राहिली. "मी मागे वळून बघितलं होतं गं."

"हो," ती म्हणाली. "मी बघत होते."

मावशीचा हात थांबला. मग ती तिथेच, दोन सीटमधल्या वाटेत, हॉटेल येईपर्यंत उभी राहिली. आजोबांना डुलकी लागली होती आणि त्यांची टोपी हळूहळू भाचीच्या खांद्यावर कलत होती.

नदीवरचा सूर्यास्त सगळ्यांचाच गेला, आणि कुरकुर करून करून तो सगळ्यांनी वाटून घेतला. दादाचा भाव गेला, ड्रायव्हरची विश्रांती गेली, परक्या ड्रायव्हरची जागा गेली. फक्त धक्क्यावरची, काचेबाहेरची ती चार-दोन मिनिटं भाचीच्या एकटीच्याच वाट्याला आली. ती वाटून घ्यायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.