चाळिसावा डबा

राकिया ओता जरा, पोरांनो, आणि ऐका. झिव्को सोफिया शहरात माझ्याच ऑफिसात होता, म्हणून सांगतो.

द्रेन्का गावावरच्या डोंगरात आम्ही झाडांवर चाळीस डबे ठोकले होते. जमीन सरकली की डबे एकमेकांना बिनतारी निरोप द्यायचे आणि गावात भोंगा वाजायचा. गावाला ते नकोच होते. "तुमच्या डब्यांमुळे गाव धोक्याचं ठरलं, आमची घरं मातीमोल झाली," म्हणत गावातला स्तामेन कुऱ्हाड घेऊन एक डबा फोडायला गेला. नेमकी तेव्हाच दरड कोसळली. तोही आत, डबाही आत. दोन्ही सापडले नाहीत.

संत दिमित्रीच्या सणाची आदली रात्र. डब्यांत नवा प्रोग्राम घालायचा होता. त्यासाठी वर चढावं लागत नाही; खालून एका डब्याला पाठवला की तो पुढच्याला देतो. दिवसा लोक दगड मारायचे, म्हणून झिव्को अंधारात गेला. गाडीत बसून माझ्याशी फोनवर बोलत होता.

"एकोणचाळीस झाले. निघतो आता... थांब. चाळिसावा बोलतोय."

"स्तामेनबरोबर गेलेला? कोणी उकरला असेल रे."

"प्रोग्राम मागतोय..." कीबोर्डची टकटक ऐकू आली. "मागत नाहीये. पाठवतोय."

"बंद कर!"

"केलं ना! आता ते आपापसातच घेतायत..."

वरून एकेक डबा मुका होत आला. शेवटी भोंगाही.

झिव्को हादरला. आता डोंगर सरकला तर गावाला कळणार कसं? त्याने गाडी गावात घातली आणि हॉर्न दाबून धरला. फोन चालूच होता. दारं उघडली. कुत्री भुंकली. स्तामेनची बायको त्सोना किंचाळली, "माझा नवरा खाल्लास, आता झोपही खातोस? हाणा मेल्याला!"

काठ्या ऐकल्या मी. हाड मोडल्याचा आवाजही ऐकला. त्याला गाडीतून ओढून बडवत बडवत अख्खं गाव नदीपलीकडे आलं, पोरंबाळंसुद्धा.

मग डोंगर आला.

घर एक उरलं नाही. माणूस एक गेला नाही.

झिव्कोने नोकरी सोडली. वरच्या कड्यावरचा एक डबा तेवढा झाडावर शाबूत होता. मीच काढून आणला. सील जसंच्या तसं. उघडला...

तारा नाहीत. बॅटरी नाही. आत ओली माती, दाबून दाबून भरलेली.

आणि तिच्यावर अंगठ्याचा ठसा.