पांढरी वायर

दुपारी अडीचला टीव्ही मेकॅनिक आपल्या मावशीचा जुना व्हीसीआर जोडायला तिच्या नव्या टीव्हीमागे डोकं खुपसून बसला होता. भिंत आणि टीव्ही यांच्यामध्ये माणूस मावतो, हे त्याने सहा वर्षांच्या धंद्यात सिद्ध केलं होतं. बाहेर येतो, हे दर वेळी नव्याने सिद्ध करावं लागे.

"मावशी, हा व्हीसीआर वयाने माझ्यापेक्षा मोठा आहे. अहो-जाहो करावं लागणार."

"बडबड कमी कर. एकदा चालला की झालं."

कॅसेट एकच होती. तिच्यात चार मिनिटं काका खुर्चीत पेपर वाचतात आणि शेवटी मान वर करून म्हणतात, "अगं, बंद कर ते." काकांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. आवाज एवढाच उरला होता, आणि मावशीला तो आठवेनासा झाला होता.

वरून काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून काकांनी कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची खिटी मोडून ठेवली होती. मेकॅनिकने त्या खाचेवर चिकटपट्टी लावली. दुकानात तो दिवसभर जुन्या कॅसेटी अशाच पुन्हा रेकॉर्ड करण्याजोग्या करायचा. हात आपोआप चालले. कॅसेट आत गेली आणि चाचणीसाठी रेकॉर्डिंगचं लाल बटणही आपोआपच दाबलं गेलं.

टीव्हीवर हीच खोली उमटली. सोफ्यावर मावशी, बाजूला तोंड वासून तो स्वतः. खोलीतल्या खुर्चीवर घड्या केलेले कपडे होते. पडद्यातल्या खुर्चीवर कुणीतरी पेपर वाचत होतं.

"कॅमेरा कुठे लावलास रे?"

"माझ्याकडे फक्त स्क्रूड्रायव्हर आहे, मावशी."

मग त्याला लाल दिवा दिसला. काकांच्या चार मिनिटांवर रेकॉर्डिंग चालू होतं. त्याने व्हीसीआरचा प्लग ओढला.

चित्र तसंच राहिलं.

पेपर खाली झाला. काकांनी मान वर केली. ओठ हलले, आवाज नाही.

"काय म्हणतायत? मला ऐकू येत नाहीये रे!"

आवाजाची पांढरी वायर लोंबतच होती. त्याने घाईघाईने ती खोचली.

टीव्हीतून मावशी बोलली, "एकदा चालला की झालं."

पडद्यातली मावशी आता काकांच्या शेजारी जाऊन बसली होती. ती बोलत राहिली. काका मुकाट्याने मान हलवत राहिले.

तो वळला. सोफ्यावरच्या मावशीचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण शब्द कळत होते.

बंद कर ते.

प्लग कधीचा त्याच्या हातात होता.