बोगद्यातले तीन हिसके

मोबाइल आधी खिशात ठेवा. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या पुतणीच्या बाबतीत घडलेली आहे, आणि ती भुताखेतांची किती टर उडवते ते तुम्हाला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी, नोव्हेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारची रात्र. काम साधं होतं. घाटातल्या बोगद्यापाशी जायचं, धोक्याची घंटा बंद करायची आणि परत यायचं.

तो डोंगर सरकता. म्हणून बोगद्याच्या भिंतीतून केसाएवढी बारीक काचेची तार नेलेली असते, जाड वेष्टनात घालून. तिच्यातून सतत प्रकाश सोडतात. भिंत जराशी फुगली की तार ताणते, आणि नेमकी कुठे ताणली ते पडद्यावर उमटतं. पुतणीची नोकरी ते बघण्याची. त्या संध्याकाळपासून घंटा सारखी वाजत होती, गाड्या खोळंबत होत्या, वरून तिच्या साहेबांना फोनावर फोन येत होते. घंटा मी बंद करणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. मग साहेबांनी स्वतःच जीप काढली आणि तिलाही बसवलं.

वाटभर ती खिडकीबाहेर बघत राहिली. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा तिलाच भरवसा नव्हता. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी अशीच घंटा बंद करायला लावली होती. मग दरड आली आणि जुन्या बोगद्यात लांब्या राहिला. लांब्या म्हणजे तिच्या जोडीने तार टाकणारा, ताडमाड उंच, चेष्टेखोर माणूस. आत आवाज पोचत नसे, म्हणून तो केबलला हिसके देऊन बोलायचा. एक म्हणजे सोड. दोन म्हणजे ओढ. तीन म्हणजे बाहेर हो. त्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. ढिगाऱ्याच्या तोंडावर काँक्रीटची भिंत घातली, शेजारून नवा बोगदा काढला. चौकशीत साहेबांनी सांगितलं, सूचना मिळालीच नव्हती. पुढच्याच महिन्यात त्यांना बढती मिळाली.

यंत्रांची खोली बोगद्याच्या तोंडाशी, त्या काँक्रीटच्या भिंतीला लागून. साहेबांनी बटण दाबलं. घंटा थांबली.

आणि पडद्यावर दुसरी रेघ उमटली. जुन्या बोगद्यातल्या तारेची.

ती तार यंत्राला जोडलेलीच नव्हती. तिचं एक टोक कोपऱ्यात वेटोळं होऊन पडलेलं. दुसरं भिंतीपलीकडे, ढिगाऱ्यात.

रेघ उसळली. बसली. पुन्हा उसळली.

यंत्र बिघडलंय, साहेब म्हणाले.

पुतणीने खाली पाहिलं. वेटोळं हलत होतं. तिने वाकून केबल हातात घेतली.

हिसका... हिसका... हिसका.

मग काही नाही.

मग पुन्हा तीन...

ती मला म्हणाली, काका, भीती नंतर वाटली. आधी संतापाने कानशिलं तापली. तो मातीखालून अजून त्याचं काम करतोय, आणि हा माणूस कोरडे कपडे घालून घंटा बंद करतोय.

तिने केबल साहेबांच्या मुठीत कोंबली.

"धरा. आता म्हणा, सूचना मिळाली नव्हती."

साहेबांनी धरली...

एकदा. दोनदा. तीनदा.

  त्यांच्या खिशातला फोन वाजत राहिला. त्यांनी घेतला नाही.

तिने टेबलावरची जीपची किल्ली उचलली. बोगद्याच्या पलीकडच्या पहारेकऱ्याला फोन करून रस्ता अडवायला लावला, आतला शेवटचा ट्रक बाहेर येऊ दिला आणि जीप बोगद्याच्या तोंडात आडवी घातली. गाड्यांची रांग लागली. ड्रायव्हर लोकांनी तिची आईबहीण काढली. ती बॉनेटला टेकून उभी राहिली. जीप काढा म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर, "माझ्या अंगावरून न्या."

उजाडायच्या जरा आधी बोगद्याचं छत खाली आलं. फार मोठा आवाज नाही झाला. कुणी बराच वेळ धरलेला श्वास सोडावा... तसा. आत एकही माणूस नव्हता.

दुसऱ्या चौकशीत साहेबांनी दोन्ही वेळचं खरं सांगितलं. नोकरी गेली. पुतणीला त्यांची दया आली नाही, अजूनही येत नाही.

पण त्या सकाळी, धूळ बसल्यावर, ती काँक्रीटच्या भिंतीपाशी गेली होती. भिंतीला साधा तडाही नव्हता. दोन वर्षांचं, दगडासारखं कडक काँक्रीट. त्यावर, तिच्या डोक्याच्या बरंच वर, हाताचा एक पंजा उमटला होता.

आत दबलेला नव्हता... बाहेर फुगून आलेला होता.