मामांनी विकून टाकलेली दुर्बीण

चष्म्याची दांडी निखळली म्हणून ती चष्म्या-दुर्बिणींच्या दुकानात शिरली, आणि दांडी बसेपर्यंत खिडकीतल्या दुर्बिणीपाशी रेंगाळली. ती दातांची डॉक्टर. दिवसभर जवळचं बघण्यात लांबचं बघायचं राहूनच गेलं होतं.

“सहाशे पट मोठं दिसतं, खरं का?” खोक्यावरचं वाचून तिनं विचारलं.

“दिसतं. पण सहाशे पट धूसर,” दांडी बसवणारा तरुण म्हणाला. “पट बघू नका, आतला आरसा किती रुंद ते बघा. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल?”

“परातीत.”

“उजेडाचंही तसंच.”

दुर्बीण तिला हवीशी वाटली. सांगणाराही… पण ते तिनं मनातसुद्धा मोठ्यानं म्हटलं नाही.

मग ती दर शनिवारी येऊ लागली, आणि कधी नळी जड, कधी तिपाई हलते, अशी काहीतरी खोट काढून रिकाम्या हातानं परतू लागली. त्यालाही विकायची घाई नव्हती.

“ही तुमच्या अंगणात मावणार नाही.”

“अंगण कधी पाहिलंत?”

त्याचे कान लाल झाले. गल्ल्यावरून त्याचे मामा म्हणाले, “भाच्या, दुर्बीण विकतोयस की लेक सासरी पाठवतोयस? हातातून सुटतच नाही.”

एका शनिवारी मात्र तो भिंगं आणायला बाहेर गेला होता. मामांनी रुंद आरशाची, बुटक्या बैठकीची दुर्बीण पुढ्यात ठेवली. “हीच घ्या, डॉक्टरीणबाई.” दुर्बीण खरोखरच चांगली होती. नाही म्हणायला तिला एकही खोट सापडेना. मामांनी बांधून दिलीसुद्धा.

घरी येताना तिचा चेहरा दात उपटलेल्या माणसासारखा झाला होता. आता शनिवारी जायचं कशाला?

संध्याकाळी अंगणावर अर्धा चंद्र ढळढळीत दिसत होता, पण दुर्बिणीत नुसता काळोख. तेवढ्यात फाटक वाजलं. तोच होता, धापा टाकत.

“मामांनी पावतीवरचा पत्ता दिला. त्यांनी एक गोष्ट सांगितलीच नसणार. नळीवरचा हा नेम धरायचा छोटा शोधक आधी उजेडात जुळवावा लागतो, लांबच्या, न हलणाऱ्या वस्तूवर. नाहीतर आपण बघतो एकीकडे, आरसा बघतो भलतीकडे.”

सरत्या उजेडात त्यानं समोरच्या पाण्याच्या टाकीवर शोधक जुळवला. मग नळी वर वळवली. अंगणातल्या बाकावर बसून तिनं डोळा लावला. चंद्रावरच्या खड्ड्यांना सावल्या होत्या.

“झालं,” तो हळूच म्हणाला. “आता तुम्हाला दुकानात यायचं कारण उरलं नाही. खरं तर हीच दुर्बीण मी पहिल्या दिवशी दाखवू शकलो असतो. मुद्दामच… दाखवली नाही.”

“मागच्या खेपेला ती तिपाई हलली ना,” डोळा न काढता ती म्हणाली, “ती मी गुडघ्यानं हलवत होते.”

ती मान वर करेना.

“अहो, चंद्र पळाला.”

“पृथ्वी फिरते ना. चंद्र सारखा निसटतो. दर थोड्या वेळानं कोणाला तरी नळी सरकवावी लागते.”

“मग मी बघते,” ती बाकावर जरा बाजूला सरकली, “तू सरकव.”