घरातल्यांनाच उघडतं

मानवतच्या स्टँडसमोर राजेश्री उभी होती, कडेवर चादरीत गुंडाळलेला जुना सीपीयू घेऊन. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर करता करता नागेश थबकला.

"झोपलंय का बाळ?"

"बिघडलंय," ती म्हणाली. हसायला गेली, अन्... डोळेच भरले.

भाऊ बजरंग दोन महिन्यांपूर्वी अपघातात गेला होता. दहाव्याला तिच्या वडलांनी, आबांनी, त्याच्या कपड्यांसोबत मोबाईलही गोदावरीत सोडला. गेलेल्याचं घरात काही ठेवायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. त्याचा आवाज उरला असलाच तर या डब्यात.

नागेशने ओशाळून कान पकडले. चार दिवस खपून त्याने एकच व्हिडिओ वाचवला. "माय, भाकर वाढ की!" बस्स, एवढाच.

मग तो पेडगावला तिच्या घरी आला. तोच सीपीयू कोपऱ्यात मांडला, सेकंडहँड डिस्क घातली, स्वस्तातला राऊटर जोडला. माय, आबा अन् राजेश्री, तिघांच्या मोबाईलवर एकच फोल्डर, त्यात तो व्हिडिओ.

"नेटपॅक लागत न्हाई. पर अंगणाच्या पुढं बंद. घरातल्यांनाच उघडतंय हे."

"म्हंजी तुमाला न्हाई," राजेश्री म्हणाली.

"आमचं कुठं एवढं नशीब..."

कित्येक दिवसांनी ती लाजली.

माय मात्र रोज तो आवाज लावायची, बजरंगचं ताट वाढायची अन् स्वतः उपाशी उठायची. महिनाभरात पार खंगली. एका सकाळी फोल्डर रिकामा निघाला.

"मीच पुसलं," आबा भिंतीकडे बघत म्हणाले. "पोरगं गेलं. आता ती बी जायलीय."

दुसऱ्या दिवशी राजेश्री दुकानात आली.

"पुसायची सोय तिघांनाबी दिली... चूक माझी हाय," नागेश म्हणाला. मग हळूच, "एक कॉपी हाय. तुमाला न इचारता ठेवली. देऊ का?"

 रात्री माय रडत का होईना, अर्धी भाकरी जेवली होती.

"नका देऊ. कुठं हाय ती?"

"माझ्या घरी. असाच डबा केलाय. घरातल्यांनाच..." तो अडखळला.

"उघडतंय. ठाऊक हाय." ती म्हणाली. "मला त्याला जन्मभर ऐकायचंय. अन् तुमी... तुमी बी लय आवडता मला. घ्याल का घरात?"

नागेशच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला.

"आबांना कधी भेटू?"

"बजरंगचं वरीस सरू द्या," ती म्हणाली. "तवर डबा बंद करू नका."