चौथ्या शनिवारचं नाटक

साहेब, तुमच्या परवानगी-कचेरीनं कॉलेजच्या पोरांना खोटारडं ठरवलं, तेही बिस्कीट चहात बुडवता बुडवता. नाव घेत नाही. खुर्ची आपली आपण ओळखेल. झालं काय, ते आता सगळ्यांनी ऐकावं.

शुक्रवारी सकाळी बडोद्याच्या रावपुऱ्यात वसुंधरा शिर्के यांच्या दारात कॉलेजातली मैथिली येऊन उभी राहिली, तेव्हा सुभानराव सेवउसळीची दुसरी वाटी संपवत होते. वसुंधराबाई खासगी चौकशीचं काम करत; गिऱ्हाईक बहुतेक मुलींचे बाप. रिफायनरीतून निवृत्त झालेले त्यांचे दीर सुभानराव स्कूटरवर मागे बसत आणि स्वतःला भागीदार म्हणवत.

"काकी, आमचं नाटक गिळलं हो!"

विद्यार्थी नाट्यमंडळाचा हंगाम म्हणजे चार शनिवार, चार नाटकं. तीन झाली. चौथं 'वारसा', मैथिलीनंच लिहिलेलं, उद्या सहाला होतं. कचेरी म्हणत होती, संहिता मुदतीत आलीच नाही. वर पोरं खोटं बोलली म्हणून मंडळ दोन वर्षं बंद. नाट्यगृह कुणाच्या तरी सत्काराला देऊनही झालं होतं.

"संहिता पोचवली कुणी?"

"मी," मैथिलीमागचा धवल पुढे सरकला. "साहेबांच्या हातात आपली. म्हणजे दिली. पावती मागितली तर म्हणाले, उद्या ये."

"मग दुसरी प्रत द्या की," सुभानराव म्हणाले.

"मुदत संपली, काका. आणि तशी दुसरी नाहीच," मैथिली वैतागली. "टाइप यानं केलं. मराठी बोलतो फक्कड, लिहितो अर्धं गुजराती. माझी ओळ होती, 'रिकाम्या पेटीत काय शोधता?' यानं केलं, 'खाली पेटीत काय शोधता?' तालमीच्या सगळ्या प्रती मी सुधारून छापल्या. कचेरीत मात्र ती पहिलीच गेली."

"खाली म्हणजे खालीच ने!" धवल उसळला. "अंदर कंई नथी!"

सुभानराव हसले. वसुंधराबाई हसल्या नाहीत.

बाहेर पडताच सुभानरावांनी निकाल दिला. "वहिनी, पोरगा विसरला असणार. कानात सदा त्या वायरी."

"भावजी, स्कूटर धरा."

दुसरा संशय समरजितवर. त्याचं तिसऱ्या शनिवारचं नाटक सपशेल पडलं होतं. मांजलपूरच्या एका गॅरेजात तो प्लायवूडला खिळे ठोकत होता.

"मैथिलीचं पडावं असं वाटलं होतं ना रे?"

"वाटलं, मावशी. खोटं कशाला बोलू? पण हा तिचाच सेट आहे. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, तीन खिडक्या, मधोमध आजोबांची पेटी. आख्ख्या नाटकात कुणी घराबाहेर जात नाही. चोरीच करायची तर खिडक्या कशाला ठोकू?"

"पश्चात्ताप म्हणून," सुभानराव हळूच म्हणाले.

दुपारी सगळे कचेरीत. साहेब वर्षापूर्वी पुण्याकडून बदलून आलेले. गुजराती अजून अंगाला लागली नव्हती. टेबलावर सत्काराच्या निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा. वरच्या पत्रिकेवर फोटो कुणाचा? साहेबांचाच.

"संहिता मी पाहिलेलीसुद्धा नाही," साहेब बिस्कीट बुडवत म्हणाले. "अर्जावर फक्त नाव. आणि हल्लीची पोरं लिहितात तरी काय हो? तळघरं उकरायची, पेट्या काढायच्या. याला नाटक म्हणायचं?"

"बरोबर आहे," सुभानराव सवयीनं म्हणाले आणि उठले.

"बसा, भावजी," वसुंधराबाई म्हणाल्या. "साहेब, तळघर कुठलं?"

"त्या नाटकातलं. पेटीचं."

"न पाहिलेल्या?"

साहेबांचं बिस्कीट चहात पडलं. "ऐकलं असेल कुठंतरी. तालमी चालतात, लोक बोलतात."

"तालीम पाहिलेला माणूस तळघर म्हणणारच नाही. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, पेटी दिवाणखान्यात, आणि तालमीत सगळे म्हणतात 'रिकाम्या पेटीत'. अर्जावर तर 'वारसा' एवढंच. मग पेटी जमिनीखाली गेली कशी?" त्यांनी धवलला पुढे ओढलं. "यानं नेली. 'खाली पेटीत काय शोधता?' गुजराती माणसानं वाचलं तर पेटी रिकामी होते. मराठी माणसानं वाचलं तर पेटी खाली जाते. ही ओळ आख्ख्या बडोद्यात एकाच कागदावर आहे, आणि तो कागद यानं तुमच्या हातात दिला. तुम्ही पान चाळलंत, तळघर आहे असं समजलात आणि प्रत दडवलीत. शनिवार मोकळा हवा होता ना, शालीसाठी?"

सुभानराव धवलकडे वळले. "म्हणजे पोरगा खरं बोलत होता?"

"काका!" धवल म्हणाला.

शिपायानं न सांगताच कपाट उघडलं. शालीच्या खोक्याखाली संहिता होती. धवलचंच टायपिंग, एकेक चूक शाबूत.

"चुकून राहिली," साहेब पुटपुटले. "पुढच्या हंगामात बघू."

"पुढचा हंगाम तुम्ही बंद केलाय," मैथिली म्हणाली. तिनं परवानगीचा कोरा कागद टेबलावर ठेवला.

वसुंधराबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "बघू नका, साहेब, बोला. उद्या सहाला पोरांचा पडदा उघडणार की तुमची शाल? आणि यांना खोटारडं म्हणालात, त्याची माफी लेखी देणार की तोंडी?"

साहेब छताकडे पाहू लागले.

"तिथं काही लिहिलेलं नाही," वसुंधराबाई म्हणाल्या. "सही करताय, हो की नाही?"